फुकटातलं क्लिनिक : पाचपैकी चार स्टार, कस्टमर लोकांना दीड

मी मुंबईत मालिश करतो, घरी जाऊन, आणि मालिशच्या पुढचं ज्याला पाहिजे त्याला ते पण, आता हे लिहायलाच लाजत बसलो तर रिव्ह्यू पुढे सरकायचा नाही. आमच्यावर टेलिग्रामच्या ग्रुपवर रोज रिव्ह्यू पडतात, "फोटोपेक्षा जाडा आहे", "सारखं घड्याळ बघत होता", "पैशाचं फार करतो". तर आज मी पण करतो एक. रिव्ह्यू आहे आम्ही गुप्तरोगांच्या चेकअपला जातो त्या क्लिनिकचा, पण लिहितोय कस्टमर लोकांसाठी. आमच्या पोरांना हे क्लिनिक माहितीच आहे. ज्यांना माहिती पाहिजे ते कधी तिथे फिरकत नाहीत.

नाव टाकत नाही कारण तिथे येणारी निम्मी पोरं घरी काहीतरी वेगळंच सांगून आलेली असतात, उगाच कोणाच्या भावाने गुगल करून दारात उभं राहायला नको. वेस्टर्न लाइनवर आहे, एका संस्थेचं आहे, सरकारच्या एड्स कंट्रोलच्या पैशावर चालतं. असली सेंटरं बऱ्याच शहरांत आहेत, मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतंय, पुण्यात बिंदुमाधव खिरेंनी सुरू केलेलं समपथिक ट्रस्ट आहे, माहिती काढली की जवळचं सापडतं. काहीच सापडत नसेल तर १०९७ लावायचा, सरकारचा टोल फ्री नंबर आहे, मराठीत बोलतात.

आत गेल्यावर काय होतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं रांगेत उभं करून नाव पुकारतात. रजिस्ट्रेशनला कोड नंबर मिळतो. आधी काउन्सेलर मॅडम, मग टेस्ट, मग डॉक्टर. एचआयव्हीची टेस्ट तुमची परवानगी घेतल्याशिवाय करत नाहीत आणि रिपोर्ट तुमच्याच हातात, परस्पर बायकोला फोन नाही ऑफिसला फोन नाही, २०१७ चा एचआयव्ही कायदाच आहे तसा. बोटाला टोचून रक्त घेतात, थोड्या वेळात निकाल. पहिल्या किटवर काही आलं तर तेवढ्यावर कोणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, वेगवेगळ्या तीन किटवर बघतात मग सांगतात. सोबत गरमीची टेस्ट, म्हणजे सिफिलिस, आमच्यात सगळे व्हीडीआरएलच म्हणतात. आमच्यासारख्यांना हे दर सहा महिन्यांनी आणि डॉक्टरचं चेकअप तीन महिन्यांनी, आणि तुम्ही विसरलात तर संस्थेचा फील्डवरचा दादा फोन करून करून जीव खातो. हे सगळं फुकट. कंडोम फुकट, जेलचे पाऊच फुकट.

डॉक्टरला माझ्याकडून पाच स्टार. कारण तो विचारतो. शेवटचं कधी झालं, तोंडाने की मागून, तू वर होतास की खाली, कंडोम होता का, होता तर शेवटपर्यंत होता का. हे सगळं असं विचारतो जसं भाजीवाला अर्धा किलो की एक किलो विचारतो. याच्याआधी मी एका प्रायव्हेट डॉक्टरकडे गेलेलो, बोर्डावर गुप्तरोग तज्ज्ञ, पाचशे रुपये फी, त्याने पँट पण काढायला सांगितली नाही, लांबूनच म्हणाला लग्न करून टाक सगळं ठीक होईल, आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिक लिहून दिल्या. लग्न करून आमच्याकडे येणाऱ्यांची लाइन त्याने बघितली असती तर बोलला नसता.

आता कस्टमरवर येतो.

एक प्रकार म्हणजे "क्लीन आहेस ना?" वाला. पहिला मेसेज हाच, हाय नाही हॅलो नाही. मी माझा रिपोर्ट पाठवतो, तारखेसकट. मग मी म्हणतो तुमचा? की शांतता. मग येतं, "अरे मी मॅरीड आहे, बायको सोडून कोणाबरोबर नाही." मग आता माझ्याबरोबर काय भजन करायला बोलावताय का. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हा नियम रोगाला पण लावतात लोक. त्यांच्या डोक्यात रोग आमच्याकडे राहतो आणि त्यांच्याकडे पाहुणा म्हणून पण जात नाही. आणि जे रिपोर्ट पाठवतात त्यांचे रिपोर्ट बघण्यासारखे असतात, नाव कापलेलं, तारीख कापलेली, नुसतं नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह, एवढंच दिसतंय, एकाने तर इन्शुरन्सच्या मेडिकलचा पाठवला ज्यात शुगर आणि कोलेस्टेरॉल होतं. तारीख असली तरी एक गोष्ट समजून घ्या, बोटाला टोचून करतात ती टेस्ट तीन महिन्यांपूर्वीपर्यंतचं सांगते, परवाच्या रात्रीचं सांगत नाही. म्हणून माझा रिपोर्ट बघून कंडोम काढायचा नसतो आणि तुमचा बघून मी काढत नाही.

दुसरा प्रकार, पैसे वाढवणारा. ठरलेल्याच्या वर हजार देतो, दोन हजार देतो, बिना कंडोम. महिन्याच्या शेवटी ज्या पोराचं रूमचं भाडं बाकी आहे ना, त्याला हे बरोबर वास काढून विचारतात. मी याबद्दल पोरांना लेक्चर देत नाही, ज्याचं त्याला माहिती, गावी पैसे पाठवायचे असतात, मालक दारात उभा असतो. पण कस्टमरला मला एवढंच विचारायचंय की जो पोरगा तुझ्याबरोबर दोन हजारांत बिना कंडोम तयार झाला तो काल रात्री दुसऱ्याबरोबर पण झाला असणार, हा हिशोब तुला ऑफिसात लाखोंचे हिशोब करताना कसा जमतो आणि इथे कसा जमत नाही.

तिसरा, "मी टॉप आहे, मला काय होणार". होतं. खालच्याला एचआयव्हीचा धोका जास्त आहे हे खरं, पण वरच्याला नाही असं कोणी सांगितलं? परमा म्हणजे गनोरिया होतो, गरमी होते, मस्से येतात चामखिळीसारखे. आणि "फक्त तोंडाने, त्याने काही होत नाही" म्हणणारे तर सगळ्यात जास्त, घशात परमा बसतो आणि बहुतेक वेळा काही त्रासच होत नाही, माणूस मस्त फिरत असतो वाटत. संपल्यावर बाथरूममध्ये जाऊन डेटॉलने खसाखसा धुणारे पण बघितलेत, त्याने एचआयव्ही जात नाही, नुसती आग होते आणि कातडी सोलली तर उलट दार उघडून देता.

तेलाचं तर खास सांगतो कारण हा आमच्या लाइनचाच विषय आहे. मालिश झाली, हात तेलाने भरलेला, कस्टमर म्हणतो आता जेल कशाला काढतोस, तेल आहे की. खोबरेल असो बेबी ऑइल असो व्हॅसलिन असो, नेहमीचा रबरी कंडोम तेलाने विरघळल्यासारखा कमजोर होतो आणि फाटतो, बघता बघता. म्हणून मी मधे उठून हात साबणाने धुतो, पुसतो, मग पाण्याचं जेल. यात पाच मिनिटं जातात आणि त्या पाच मिनिटांवर मला ग्रुपवर "मूड घालवतो" असा रिव्ह्यू मिळालेला आहे. घालवतो. पुढेपण घालवेन.

वयस्कर कस्टमर हे माझे आवडते, पैशाला चोख, बोलायला मऊ, कित्येकांना मालिश आणि गप्पाच पाहिजे असतात. पण यांच्यातले काही येण्याआधी ती निळी गोळी, व्हायग्रा, घेतात आणि खिशात सॉर्बिट्रेटची पट्टी पण असते, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला. या दोन गोष्टी एकत्र म्हणजे ब्लड प्रेशर धाडकन खाली, माणूस जाऊ शकतो. नशेसाठी बाटलीतले पॉपर्स हुंगणाऱ्यांना पण हेच. मी आता सरळ विचारतो, काका हार्टची गोळी चालू आहे का. रागावतात काही जण. हाय फन वाले, म्हणजे एमडी वगैरे नशेची पावडर ओढून रात्रभर पार्टी करणारे, त्यांच्याकडे मी जातच नाही, तिथे कंडोम कोणाला आठवत नाही, पाणी प्यायचं पण आठवत नाही.

आणि शेवटचा, ज्याच्याबद्दल लिहायला पण राग येतो. लाइट बंद करायला सांगून मधेच कंडोम काढणारा. हा चुकून होत नाही, त्याला बरोबर माहिती असतं काय करतोय. पूर्वी कलम ३७७ मुळे पुरुष-पुरुष संबंध हाच गुन्हा होता, म्हणून आम्ही पोलिसांकडे जाऊ शकत नव्हतो, ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने आपापल्या मर्जीने करणाऱ्या सज्ञान माणसांना त्यातून सोडवलं, तेव्हा आम्ही पेढे वाटले. मग २०२४ च्या जुलैपासून नवीन न्याय संहिता आली त्यात ३७७ पूर्णच गायब, म्हणजे पुरुषावर पुरुषाने जबरदस्ती केली तर बलात्काराचं कलम लागत नाही, मारहाणीचं लावा नाहीतर धमकीचं लावा. धंद्यातल्या माणसाला त्यातून किती न्याय मिळणार ते तुम्हीच बघा. उलट रस्त्यावर गिऱ्हाईक बघताना पकडलं तर आमच्यासाठी पिटा, म्हणजे वेश्याव्यवसायाच्या कायद्यात, कलम ८ आहे, पुरुषाला सात दिवस ते तीन महिने. एक चांगलं झालं, मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सेक्स वर्करकडे कंडोम सापडला तर तो गुन्ह्याचा पुरावा धरू नये. आधी नाक्यावर हवालदाराला बॅगेत कंडोम दिसले की खिसा रिकामाच व्हायचा, म्हणून पोरं जवळ ठेवायलाच घाबरायची. सगळ्या हवालदारांपर्यंत ती ऑर्डर पोचलीये असं मी म्हणणार नाही, पण काउन्सेलर मॅडमनी त्याची कॉपी मोबाइलवर दिलीये ती ठेवतो.

तर असा कोणी कंडोम काढला किंवा फाटला तर ७२ तासांच्या आत पळायचं. पेप म्हणतात त्याला, गोळ्या २८ दिवस, रोज, न चुकता. जितकं लवकर तितकं बरं, ७२ तास म्हणजे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तरी चालतंय असं नाही. माझ्याबाबतीत हे झालं तेव्हा आमच्या क्लिनिकमधून दादा स्वतः मोठ्या सरकारी हॉस्पिटलला घेऊन गेला, एकटा गेलो असतो तर कॅज्युअल्टीतल्या माणसाने चार जणांसमोर विचारलं असतं काय झालं म्हणून. यासाठी वेगळा स्टार द्यायची सोय असती तर दिला असता.

दुसरी गोष्ट प्रेप. ही आधी घ्यायची, रोज एक गोळी, एचआयव्ही निगेटिव्ह असताना, त्याने लागण व्हायचा धोका खूपच कमी होतो. पुरुषांसाठी दुसरी पण पद्धत आहे, करण्याच्या २ ते २४ तास आधी दोन गोळ्या, मग पहिल्या डोसपासून २४ तासांनी एक आणि ४८ तासांनी एक. धंद्यात असाल तर रोजचीच बरी, आमच्या तारखा काय ठरलेल्या असतात का. सुरू करायच्या आधी एचआयव्ही, किडनी आणि हिपॅटायटिस बी ची टेस्ट लागते, बी असेल तर ती कधीतरी घ्यायची पद्धत चालत नाही. मनाने मेडिकलमधून आणून सुरू करू नका. आणि प्रेप फक्त एचआयव्हीची आहे, गरमी आणि परमा त्याला विचारत नाहीत. आमच्या इथे फुकट मिळत नाही, डॉक्टर लिहून देतो, आपण विकत घ्यायची.

आता ज्यामुळे मी हा रिव्ह्यू लिहायला बसलो ते. मागे एकदा माझी व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली. मी कंडोम वापरतो, पण गरमीची जखम कंडोम झाकतो त्याच्या बाहेर पण असू शकते, आणि दुखत नाही, म्हणून समोरच्याला पण कळत नाही. इंजेक्शन मिळालं, बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, अर्धं एका कुल्ल्यावर अर्धं दुसऱ्या. खोटं कशाला सांगू, फार दुखतं, ट्रेनमध्ये बसायची सीट मिळूनसुद्धा उभा राहून आलो. रात्री ताप आला, डॉक्टरने आधीच सांगून ठेवलेलं की येईल, घाबरू नको. मग डॉक्टर म्हणाला मागच्या तीन महिन्यांत ज्यांच्याबरोबर झालंय त्या सगळ्यांना कळव, त्यांना त्रास नसला तरी औषध लागेल.

मी कळवलं. नीट मेसेज लिहिला, शिव्या नाही काही नाही, टेस्ट करून घ्या, इथे फुकट होते, नाव विचारत नाहीत. बहुतेकांनी ब्लॉक केलं. एकाने "ब्लॅकमेल करतोस का, माझा मेव्हणा पोलिसात आहे" लिहिलं. एकाने विचारलं कुठली गोळी घेऊ, मेडिकलवाला देतो का. गोळी मेडिकलवाल्याला विचारून घ्यायची नसते हो, अर्धवट औषधाने जखम आपोआप जाते पण रोग आत राहतो, खरं तर जखम औषधाशिवाय पण जाते, तीच तर फसवणूक आहे.

आणि एक जण आला. ठाण्याहून. तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी, क्लिनिकच्या खाली येऊन मला फोन केला की तू वर येशील का बरोबर. त्याची बायको पाचव्या महिन्यात होती आणि तो रात्रभर झोपलेला नव्हता, गरमी आईकडून पोटातल्या बाळाला जाते हे त्याने मोबाइलवर वाचलेलं. डॉक्टरने त्याला एक शब्द वाकडा बोलला नाही. टेस्ट, इंजेक्शन, आणि मग शांतपणे सांगितलं की सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची ही टेस्ट होतेच, झालीये का बघ, आणि आता तुझं पॉझिटिव्ह आलंय म्हटल्यावर तिची परत झाली पाहिजे आणि औषध पण मिळालं पाहिजे, वेळेत दिलं तर बाळ वाचतं. घरी कसं सांगायचं त्यावर मॅडम त्याच्याबरोबर पाऊण तास बसल्या, आत काय बोलले मला माहिती नाही. नंतर त्याने मला कधी बोलावलं नाही. गिऱ्हाईक गेलं माझं. पण मी कस्टमर लोकांना जो दीड स्टार दिलाय त्यातला एक त्याचा आहे. अर्धा त्या काकांचा, जे स्वतःचा कंडोम स्वतःच्या साइजचा घेऊन येतात.

एचआयव्ही पॉझिटिव्ह असणारे पण कस्टमर आहेत माझे, आणि खरं सांगू, त्यांच्यासोबत मला सगळ्यात कमी टेन्शन असतं. रोजची गोळी घेतात, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, टेस्टमध्ये दिसत पण नाही इतका खाली, अशा माणसाकडून सेक्समधून एचआयव्ही जात नाही. २०१९ ला युरोपातला मोठा अभ्यास आला, पुरुष-पुरुष जोड्या, पावणेआठशेच्या वर, एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह, बिना कंडोम, आणि पॉझिटिव्ह जोडीदाराकडून लागण शून्य. ते औषध आपल्याकडे सरकारी सेंटरवर २००४ पासून फुकट आहे. घाबरायचं त्याला, ज्याने टेस्टच केलेली नाही आणि जो म्हणतो मी क्लीन.

आता एक स्टार का कापला. पहिलं कारण, घशाची आणि मागची स्वॅब टेस्ट नाही. लक्षण दिसलं तर औषधाचं पाकीट देतात, स्राव येत असेल तर करड्या रंगाचं किट, त्यात दोन औषधं, तिथल्या तिथे घ्यायची. पण मी वर लिहिलं ना घशातल्या परम्याला लक्षणच नसतं, मग किट कशावर देणार? डॉक्टरला विचारलं तर म्हणाला मशीन आणि पैसे, वरून येत नाहीत. दुसरं, हिपॅटायटिस बी ची लस इथे नाही, तीन डोस बाहेर पैसे देऊन घ्यावे लागले, ० , १ आणि ६ महिने. मस्स्यांच्या एचपीव्हीची लस पण नाही, पुण्याच्या सीरमची सर्वावॅक २०२३ ला आली, मुलांना पण चालते पण २६ वयापर्यंत, आमच्यातल्या नवीन पोरांना उपयोगी पडली असती. तिसरं, टायमिंग. संध्याकाळी लवकर बंद, आमचा धंदा संध्याकाळी सुरू, कस्टमरचं ऑफिस सातला सुटणार, मग तो येणार कधी. शनिवारी उशिरापर्यंत असतं ते बरं आहे. चौथं, वेटिंगच्या जागेत खुर्च्या अशा लावल्यात की सगळे एकमेकांकडे तोंड करून बसतात, भिंतीकडे तोंड केलं असतं तर नवीन माणूस निम्म्याने कमी घाबरला असता. सांगून झालंय त्यांना.

कस्टमर लोकांनो, येणार असाल तर शनिवारी दुपारी चारच्या आत या, तेव्हा गर्दी नसते. आधार लागत नाही, फक्त फोन नंबर मागतात, तो पण रिपोर्टसाठी. आदल्या आठवड्यात कुठली अँटिबायोटिक घेतली असेल तर त्याची पट्टी बरोबर आणा. जेलचे पाऊच जाताना मागून घ्या, काउंटरच्या खालच्या खणात असतात, स्वतःहून देत नाहीत.